तीस पौंडांचं धनुष्य

वाकणाऱ्या लाकडाशी माझं कधी जमलं नाही. पन्नास वर्षं मी दारं-खिडक्या केल्या. वखारीत वाकडी फळी हाती आली की तिथल्या तिथे परत करायची, आणि वखारवाल्याने हुज्जत घातली तर तीच फळी त्याच्या पायाशी ठेवून डुगडुगती दाखवायची, हा माझा शिरस्ता. लोक मागे म्हणायचे, हा माणूसही त्याच्या दारांसारखाच, मोडेल पण वाकणार नाही. मला ते कौतुक वाटायचं. बायको होती तोवर सांगायची की ते कौतुक नाही, पण तिचं कोण ऐकतंय!

त्यामुळे एका रविवारी सकाळी सुनेने माझ्या चहाच्या कपाशेजारी एक कागद ठेवला आणि म्हणाली, "बाबा, मला एक धनुष्य करून द्याल?" तेव्हा मी आधी तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"मी सुतार आहे," मी म्हणालो.

"म्हणूनच विचारतेय. शिंप्याकडे गेले असते तर त्याने मला वेड्यात काढलं असतं."

आमच्या घरात आम्ही दोघंच. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा चार वर्षांपूर्वी गेला, तीन दिवसांच्या तापात. महिन्याभराने सुनेचे आईवडील तिला न्यायला आले. तिने त्यांना पोटभर जेवू घातलं, बसमध्ये बसवून दिलं आणि परत येऊन माझ्या वाटणीची भांडी घासायला घेतली. का राहिलीस, हे मी तिला कधी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. ती एका शाळेच्या मैदानावर मुलांना धनुर्विद्या शिकवते. पूर्वी स्पर्धांत उतरायची, पण दोन वर्षांपूर्वी उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरने सांगून टाकलं, तीस पौंडांच्या वर ओढायचं नाही. म्हणजे दोरी अठ्ठावीस इंच मागे आणली की हातावर जो भार येतो, तो तीस पौंडांच्या वर नको.

"एकदम धनुष्य कशाला?" मी विचारलं.

तिने सरळ सांगितलं. आडपडदा तिच्याकडे नाही. दुसऱ्या शहरात मुलींची एक क्रीडाशाळा आहे, दिवसभराच्या प्रवासावर. तिथे धनुर्विद्येला बाई हवी आहे, राहायची सोय तिथेच. पुढच्या महिनाअखेरीला चाचणी, तीस बाण, लाकडी धनुष्यावर. निवड झाली की लगेच रुजू व्हायचं.

"होईल," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. उरलेला चहा एका दमात संपवला. ती गेली की या घरात मी आणि माझी हत्यारं. आणि ती जाणार ती माझ्याच हातच्या धनुष्यावर. एवढा हिशोब मला त्या कपाच्या तळाशीच कळला होता, खोटं कशाला बोलू.

लाकूड मात्र घरात होतं. मुलाच्या लग्नाच्या वेळी त्यांच्या खोलीला दार करतो म्हणालो होतो. त्यासाठी एक फळी निवडून ठेवली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघा अशा सरळ की वहीवर आखल्या असाव्यात. मग आज गिऱ्हाइकाची घाई, उद्या हात मोकळा नाही, असं करत ते दार राहिलं ते राहिलंच. गावभर दारं लावणाऱ्याच्या घरात एका खोलीला पडदा! मुलगा त्यावरून मला मरेपर्यंत चिडवायचा. ती फळी मी पोटमाळ्यावरून उतरवली.

"ही दाराची ना?" सून म्हणाली.

"होती."

धनुष्य एका लाकडाचंही करतात, पण तिच्या कागदावर होतं ते पट्ट्या चिकटवून केलेलं. पाठीला, म्हणजे निशाणाकडच्या बाजूला, बांबूची एक पट्टी, कारण बांबू ताणाला तुटत नाही. त्याच्या मागे फळीतून काढलेल्या तीन पातळ पट्ट्या. त्यातली शेवटची, मारणाऱ्याच्या तोंडासमोरची, ती पोटाची. प्रत्येक पट्टी मधे मुठीपाशी जाड आणि टोकांकडे पातळ होत गेलेली. आठवडाभर मी रंधा मारत होतो. भुसा-ढलप्या नुसत्या घोट्यापर्यंत.

आणि इथेच माझ्या हाताने पहिला घोळ घातला. सुताराची सवय असते, एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त ठेवायची. घासून कमी करता येतं, वाढवता येत नाही. दाराला ते खपतं. मी चारही पट्ट्यांना थोडी थोडी जाडी राखली आणि वर शेखी मिरवली की कागद लिहिणाऱ्याला लाकडातलं काही कळत नाही. चार पट्ट्यांची राखलेली जाडी एकत्र झाली की काय होतं, हे त्या कागदवाल्याला चांगलं ठाऊक होतं. मलाच नव्हतं.

गोंद लावायच्या दुपारी शेजारचा पॉलिशवाला आला. न बोलावता येतो आणि न विचारता सांगतो. जाड प्लायचा साचा मी कापून ठेवला होता, धनुष्याच्या अंगाचा. त्यावर प्लॅस्टिकचा कागद पसरला, नाहीतर धनुष्य साच्यालाच चिकटून बसेल आणि भिंतीवर शोभेला टांगावं लागेल. गोंद दोन डब्यांचा, एकत्र कालवला की चाळीस मिनिटांत दगड. सून आणि मी समोरासमोर उभे राहिलो. ती ब्रशने गोंद फासत होती, मी पट्टीवर पट्टी ठेवत होतो, आणि मग दोघांनी मिळून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ओढून ओढून त्यावर गुंडाळल्या.

"ओढ की जरा," मी म्हणालो. "खांदा दुखतो म्हणून सवलत नाही."

"तुम्ही ओढा. सत्तरी दुखते म्हणून सवलत नाही."

पॉलिशवाला म्हणाला, "तुमच्या दोघांचं ऐकून गोंद लवकर वाळणार." मग स्वतःच पुढे होऊन टोकाचे शिकंजे आवळू लागला. आवळता आवळता त्याची बाही पट्टीत अडकली. सोडवायला वेळ नव्हता, म्हणून सुनेने कात्रीने बाही कापली. तो अर्ध्या बाहीने घरी गेला आणि दोन दिवस उरलेली बाही मागत होता. ती आजही धनुष्याच्या खालच्या टोकाजवळ गोंदात आहे, नखाएवढा निळा धागा. खूप दिवसांनी त्या दुपारी आम्ही दोघं पोट धरून हसलो. मुलगा गेल्यापासून या घरात असं कोणी हसलं नव्हतं.

गोंद वाळला, ट्यूब उलगडली, कडा घासल्या, मुठीला चामडं लावलं. मग कामाचा खरा भाग. धनुष्य भिंतीवरच्या खुंटीला आडवं बसवायचं, दोरी चढवायची आणि कप्पीवरून गेलेल्या दोराने ती खाली ओढायची. दोरामध्ये पॉलिशवाल्याने आणून दिलेला वजनाचा लोंबता काटा. सून समोरच्या भिंतीपाशी उभी राहून दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून दोर ओढणार, कारण धनुष्याचे वर-खालचे दोन्ही हात, म्हणजे मुठीच्या दोन बाजू, सारखे वाकतात की नाही ते लांबून दिसतं. मी काट्यापाशी. मी आकडा वाचायचा, तिने तो पुन्हा उच्चारून पेन्सिलीने भिंतीवर लिहायचा.

ही आमच्या कामाची जुनी रीत. ज्या मिस्त्रीच्या हाताखाली मी शिकलो, त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, माप घेणाऱ्याने मोठ्याने वाचावं आणि लिहिणाऱ्याने परत बोलून लिहावं. माप चुकलं तर लाकूड बदलता येतं, माप खोटं सांगितलं तर माणूस बदलावा लागतो. टेपचं दुसरं टोक धरून लिहायचं काम माझ्या घरात आधी मुलाकडे होतं. नंतर एकदा मी खिडकीच्या मापाला निघालो तर सून न बोलता पेन्सिल कानावर लावून मागे आली, तेव्हापासून ते तिच्याकडे.

"बावन्न," मी पहिल्या दिवशी वाचलं.

"बावन्न," ती म्हणाली आणि लिहिता लिहिता थांबली. "बाबा, बावन्न? याने मी बाण मारायचा की बैलगाडी ओढायची?"

"कमी करू. कमी करता येतं."

पोटाच्या पट्टीवरून लोखंडी पात्याने खरवडत जायचं. कागदासारखे पापुद्रे निघतात. दहा वेळा पातं फिरवायचं, वीस वेळा दोर ओढून लाकडाला वाकायची सवय लावायची, मग पुन्हा काटा. जन्मभर जे लाकूड ताठ राहावं म्हणून धडपडलो, ते वाकावं म्हणून आता त्याची मनधरणी. पण खरं सांगतो, चार-पाच दिवसांत मला त्याची गोडी लागली. ती दोर ओढायची आणि त्या फळीत मी कधी न पाहिलेली कमान उमलायची. सेहेचाळीस. एक्केचाळीस. सदतीस. भिंतीवर आकडे उतरत गेले. चाचणीला दहा दिवस उरले होते.

मग तो डब्यांचा सोमवार आला. मैदानावरून येताना तिने चिकटणाऱ्या कागदांचं पाकीट आणलं आणि स्वयंपाकघरातल्या एकेका डब्यावर मोठ्या अक्षरांत नावं लावायला बसली. मीठ. साखर. हळद. खालच्या डब्यावर तर तिने चक्क 'तांदूळ, एक वाटीला दोन वाट्या पाणी' असं लिहिलं.

"मला डोळे आहेत," मी म्हणालो. "आणि जीभही आहे."

"गेल्या महिन्यात चहात मीठ कोणी घातलं?"

"एकदा."

"दोनदा, बाबा."

मी तिथून उठलो. राग डब्यांचा नव्हता. ती गेल्यावरचं घर ती आत्ताच लावून ठेवत होती, मला एकट्याला वाचता यावं म्हणून, आणि ते मला बघवेना.

त्या संध्याकाळी तिने दोर ओढला. काट्याचा हात चौतीसवर येऊन थांबला. स्वच्छ दिसत होता. चष्मा नाकावर होता, उजेड भरपूर होता.

"छत्तीस," मी म्हणालो.

"छत्तीस," ती म्हणाली आणि लिहिलं.

मंगळवारी मी पातं उलटं धरलं. उलट्या बाजूला धार नसते, नुसता आवाज येतो. अर्धा तास मी आवाज काढत बसलो. "छत्तीसच आहे अजून. पोटाकडे गाठ लागलीय, लाकूड चिवट आहे." त्या फळीत गाठ नव्हती. ती फळी मी स्वतः निवडलेली होती. बुधवारी म्हणालो "साडेपस्तीस", म्हणजे काही चाललंय असं वाटावं. गुरुवारी पुन्हा "साडेपस्तीस". चाचणीची तारीख निघून जाईल, दुसरी कोणी बाई मिळेल, आणि मी म्हणेन, काय करणार, लाकूडच आडमुठं निघालं. पन्नास वर्षांत गिऱ्हाइकाला मी एक सूत खोटं सांगितलं नव्हतं आणि घरच्या पोरीला रोज सांगत होतो. रोज जेवताना मान खाली घालायचो. तीही काही विचारत नव्हती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मला तिच्या प्रत्येक 'आणखी वाढू का' मध्ये काही वेगळंच ऐकू यायचं.

शुक्रवारी तिने दोराला हात लावला नाही. धनुष्य खुंटीवरून काढलं, मागच्या अंगणात गेली, पाय रोवून उभी राहिली. "काटा काय म्हणतो, बाबा?"

"साडेपस्तीस."

तिने दोरी गालापर्यंत ओढली. डोळे मिटले. दोन श्वास तशीच थांबली. मग सावकाश दोरी परत आणून सोडली. बाण न लावता दोरी झटक्यात सोडली तर धनुष्य फुटतं, ते ती झोपेतही विसरणार नाही.

"माझा खांदा चौतीस म्हणतो," ती म्हणाली.

मी चष्मा काढून सदऱ्याला पुसू लागलो.

"सोमवारीपण चौतीसच म्हणत होता. दोर मीच ओढते ना, बाबा. या खांद्याने गेली दोन वर्षं दुसरं काही केलेलंच नाही, पौंड मोजण्याशिवाय." ती मला हाताला धरून भिंतीपाशी घेऊन आली. सोमवारपासूनच्या प्रत्येक आकड्यापुढे पेन्सिलीचं एक बारीक टिंब होतं. रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं. चार टिंबं.

"मग बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला. चूक माझी असली की तो जरा जास्तच चढतो. "तोंडावर सांगायचं! खोटारडा म्हातारा म्हणायचं!"

"धनुष्य तिथे मिळतं, बाबा."

"म्हणजे?"

"चाचणीला धनुष्य तेच देतात. त्यांच्याकडे भिंतभर आहेत, हव्या त्या पौंडांची."

मी स्टुलावर बसलो. "मग हे सगळं कशासाठी?"

ती समोर जमिनीवर बसली, धनुष्य मांडीवर आडवं घेऊन. "तुम्हाला विचारलं असतं की जाऊ का, तर तुम्ही लगेच जा म्हणाला असता. आणि वर, माझं काय अडतंय म्हणाला असता. तोंडाने तुम्ही काहीही बोलता, बाबा. हाताने बोलत नाही. म्हणून हाताचं काम मागितलं. म्हटलं, यांनी करून दिलं तर मनापासून जा म्हणतायत. नाही झालं तर..."

"तर?"

"तर थांबायचं, असं ठरवलं होतं. पण तुम्ही हातानेही खोटं बोललात. तेव्हा कळलं, किती जड जातंय ते." तिने डोळे पुसले. "मला वाटलं होतं, फक्त मलाच जातंय."

आता माझी पाळी होती, आणि माझ्याकडे त्यासाठी एकही हत्यार नव्हतं. "तू जाऊ नयेस असं मला वाटतं," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा असं काही सरळ म्हणालो असेन. बायकोलासुद्धा कधी म्हणालो नव्हतो. "चार वर्षं वाटतंय. रोज. तू मैदानावरून यायला दहा मिनिटं उशीर केलास तरी वाटतं."

"मलाही जावंसं वाटत नाही," ती म्हणाली. "आणि जायचंही आहे. मी छत्तीसची आहे, बाबा. अजून खूप दिवस आहेत माझ्याकडे."

 बाहेर पॉलिशवाल्याने कुणाला तरी हाक मारली, कुणी तरी ओ दिली. मग मी उठलो, पातं घेतलं, दगडावर पाणी टाकून त्याला नीट धार लावली आणि धनुष्य तिच्या मांडीवरून उचललं.

"सरळ बाजूने?" तिने विचारलं.

"सरळ बाजूने. आणि गप्प बस आता, मोजून खरवडू दे."

चार पौंड म्हणजे फार नसतं. पण शेवटचे चार पौंड फार असतात, कारण इथे एक पापुद्रा जास्त निघाला तर तो परत चिकटवता येत नाही. तीन वेळा पातं फिरवायचं आणि थांबायचं. धनुष्याचा खालचा हात किंचित ताठ होता, त्याला दोन जास्त. शनिवारी दुपारी मी तिला काट्यापाशी उभं केलं आणि दोर स्वतः धरला.

"आज तू वाच," मी म्हणालो. "लिहितो मी."

मी दोर अठ्ठावीस इंचांच्या खुणेवर आणला. ती वाकून बघत होती.

"तीस," ती म्हणाली.

"तीस," मी म्हणालो आणि लिहिलं. माझं अक्षर तिच्या आकड्यांखाली अगदी गचाळ दिसत होतं.

पॉलिशवाल्याने दोन हात पॉलिश दिलं आणि स्वतःची बाही त्यात ओळखून तिला नमस्कार केला. पुढच्या बुधवारी सकाळी ती निघाली. दोरी उतरवून धनुष्य जुन्या चादरीत गुंडाळलं होतं. बसपाशी ती म्हणाली, "त्यांच्या भिंतीवरचं एकही घेणार नाही. याच्यावरच देईन." मग वाकून नमस्कार करायला लागली तर मी तिला अर्ध्यात थांबवून नुसतं डोक्यावर थोपटलं, कारण ती खाली वाकली असती तर तिला दिसत नाही म्हणून मी रडून घेतलं असतं, आणि ते रडू मला तिथे नको होतं.

शुक्रवारी दुपारी फोन आला. "तीसपैकी सव्वीस बाण निशाणात, बाबा. सोमवारपासून रुजू. चहा घेतलात?"

"घेतला."

"साखरेचा?"

"डबा वाचून घेतला," मी म्हणालो. ती हसली, मीही हसलो आणि फोन ठेवला.

मग वखारीत गेलो. नवी फळी घेतली, सरळ रेघांची. ती सुट्टीत येईल, तेव्हा तिच्या खोलीला पडदा चालणार नाही. घरी येऊन चौकटीचं माप घ्यायला टेप काढली, आणि सवयीने तिचं टोक मागे धरलं, कोणीतरी घेईल म्हणून. कोणी घेतलं नाही. चौकटीत एक खिळा ठोकला आणि टोक त्याला अडकवलं.

"उंची, सहा फूट सात इंच तीन सूत," मी मोठ्याने वाचलं.

घरात कोणी परत उच्चारलं नाही. पुन्हा एकदा मोजलं, बरोबर होतं. मग भिंतीपाशी जाऊन 'तीस'च्या खाली मीच ते लिहिलं.